जमीन कोणाच्या नावावर आहे?

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सदाशिव पेठेत वाडा पाडून उभ्या राहत असलेल्या इमारतीत सदनिका घ्यावी, की तेवढ्याच पैशांत वाघोलीला एक खोली जास्तीची घ्यावी, या पेचात तू पडला आहेस. मजला, दिशा, मंडईच्या मेट्रो स्थानकापर्यंतचे अंतर, व्यायामशाळा, गाडीची जागा, सारे तीन पानांत मांडलेस. मात्र इमारतीखालची जमीन आज कोणाच्या नावावर आहे आणि ताबा मिळाल्यानंतर कोणाच्या नावावर होणार आहे, याबद्दल एक ओळही नाही. पेठ की वाघोली, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

'आता रेरा आहे' असे तू म्हणशील, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या रक्षणाचा कायदा. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, बांधकामातले दोष पाच वर्षांपर्यंत विकासकाला विनामोबदला दुरुस्त करून द्यावे लागतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आनंदही आहे. पण कायदा आमच्या वेळीही होता. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखाली, सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक होते. आमच्या इमारतीत ते चार महिने तीस वर्षे चालले.

यात माझाही दोष आहे, आणि तो तुला सांगितल्यावाचून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मी सोसायटीचा खजिनदार असताना कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या, खर्चासाठी वर्गणी काढण्याचा विषय वार्षिक सभेत आला होता. 'बिल्डर ओळखीचा आहे, कुठे पळून जातो?' असे म्हणून तो पुढे ढकलावा असे मीच सुचवले आणि त्या पैशांत आम्ही जिना रंगवून घेतला. पुढे बिल्डर वारला. त्याचे तीन वारस, त्यांतला एक परदेशी. भुयारी मेट्रोची चर्चा सुरू होऊन पेठांतल्या जागांचे भाव चढल्यावर हे वारस उगवले आणि शिल्लक चटईक्षेत्रावर, म्हणजे त्या जमिनीवर अजून करता येण्याजोग्या बांधकामावर, हक्क सांगू लागले. अखेर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावे होण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागला. ही सोय कायद्यात २००८ मध्ये आली. ती नसती तर अजूनही त्या वारसांच्या दारात उभा असतो.

त्या काळात पुनर्विकासाचा एक बरा प्रस्ताव आला होता. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, सोसायटीचे नाव लागल्याशिवाय सही करणार नाही, असे मी सांगितले. शेजाऱ्यांनी मला आडमुठा ठरवले; वरच्या मजल्यावरचे एक वृद्ध जोडपे नव्या घराची वाट पाहतच वारले, आणि त्यांच्या मुलाने माझ्याशी बोलणे सोडले ते आजतागायत. तरीही मी बरोबर होतो. जमीन नावावर नसलेल्या माणसाने विकासकासमोर कोणत्या बळावर बसावे? हे मी रात्री स्वतःलाही पुष्कळदा समजावतो.

म्हणून आता तरी कागद बघ. महारेराच्या, म्हणजे रेराखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीबद्दलचा वकिलाचा अहवाल असतो, तो नुसता उतरवून न ठेवता शेवटपर्यंत वाच. वाड्याच्या मालकाचे सगळे वारस करारात आले आहेत का, जुन्या भाडेकरूंचे दावे मिटले आहेत का, जमीन तारण आहे का, ते शोध. सोसायटी होणार की १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट, म्हणजे जमीन सोसायटीऐवजी सदनिकाधारकांच्या सामाईक मालकीची, हेही विचार. अपार्टमेंट असेल तर जमिनीतील तुझा अविभक्त हिस्सा घोषणापत्रात किती टक्के दाखवला आहे, ते आकड्यात पाहा. विक्री कार्यालयातली ती हसतमुख मुलगी 'ते सगळं होतं हो' असे म्हणेल. आमचा बिल्डरही याच शब्दांत म्हणाला होता.

वाघोलीच्या प्रकल्पालाही हेच लागू आहे, तिथे सातबारा माग.

आई-वडिलांना नमस्कार. रविवारी सकाळी ये, पण माहितीपत्रक घरीच ठेव आणि मिळकत पत्रिकेचा उतारा व कराराचा मसुदा तेवढा घेऊन ये. चष्मा नवा केला आहे, बारीक अक्षरही वाचता येते.