राहता फ्लॅट आताच मुलाच्या नावावर करावा की मृत्युपत्र करावे?

आपले वय 68, फ्लॅट आपल्या एकट्याच्या नावावर आणि मुलगा बक्षीसपत्राचा आग्रह धरतो आहे, असे आपण लिहिले आहे. माझे मत मृत्युपत्राच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात मुलांना राहते घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयेच लागते, त्यामुळे हा मार्ग स्वस्त वाटतो. परंतु नोंदणी होताच मालकी जाते, आणि पुढे उपचारांसाठी तेच घर विकायचे किंवा त्यावर कर्ज काढायचे ठरले तर अधिकार आपल्याकडे उरत नाही. तरीही बक्षीसपत्रच करायचे असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून घेण्याची वाट मोकळी राहील.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ते शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत. (आमच्या काकांचे दोन्ही साक्षीदार त्यांच्याआधीच गेले.) सोसायटीतील नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हेही मुलाला समजावून सांगा.

खर्चाचे म्हणाल, तर रुग्णालयाचे बिल विमा बहुधा उचलतो. घरी ठेवलेली आया, डायपर, फिजिओथेरपी हे महिनोन्महिने खिशातूनच जाते. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, जिची मर्यादा 30 लाख रुपये आहे, रक्कम ठेवल्यास दर तिमाहीला व्याज हाती येते.