'क्रॅश'च्या पुस्तकासाठी पैसे देऊ का?

प्रश्न : लहानपणी मामा मुंबईहून 'क्रॅश' या व्हिडिओ गेम मासिकाचे जुने अंक आणायचे. त्यावरच्या स्मृतिग्रंथासाठी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करणाऱ्या वेबसाइटवर लोकवर्गणी सुरू आहे. पैसे बुडतील का? – एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. 1984 साली इंग्लंडातल्या लडलो या लहान गावातून 'क्रॅश' निघालं, स्पेक्ट्रम नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांसाठी. चित्रकार ऑलिव्हर फ्रे यांची ती मुखपृष्ठं! माझ्याकडे एकच अंक उरलाय, कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण चित्राचा लाल रंग अजून तसाच आहे.

आता पैशाचं. आपल्याकडे मंदिराची वर्गणी दिली की दिली. किकस्टार्टरवर मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही, तर तुमच्या कार्डातून रुपयाही कापला जात नाही. जमली, तर मात्र कापतात आणि पुस्तक छापून येईस्तोवर थांबावं लागतं. उशीर धरूनच चाला. पुस्तक काढणाऱ्या मंडळींनी आधी काही छापून लोकांना पोचवलंय का, ते आधी बघा. मी सगळ्यात जास्त भरवसा त्यावरच ठेवतो. टपालखर्च वेगळा, कस्टमही लागू शकतं. कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

कापसाचे चुकारे हाती आले असतील तर जरूर द्या, उसनवारी करून नको. आणि पत्त्यात पिनकोडसोबत फोन नंबर टाका.