आधी वेंगेन, मग किट्झब्यूल

पहिल्यांदाच स्की शर्यत पाहायला जातोयस, तर ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलचा हट्ट धरू नकोस. जानेवारीतल्या त्या गर्दीत नवख्याला बर्फापेक्षा टोप्याच जास्त दिसतात. तिथल्या शर्यतीच्या वाटेवरचा माउसफाले, म्हणजे 'उंदराचा सापळा' नावाचा टप्पा, 85 टक्के उताराचा. टीव्हीवर तो निम्माही वाटत नाही, हे मात्र खरं.

तू स्वित्झर्लंडमधलं वेंगेन गाठ. तिथल्या लाउबरहॉर्न डोंगरावरची डाउनहिल, म्हणजे निव्वळ वेगानं उतरायची शर्यत, जवळपास साडेचार किलोमीटर, वर्ल्ड कपमधली सर्वांत लांब. अडीच मिनिटांनी मांड्या कशा जवाब देतात ते शेवटच्या वळणांवर दिसतं, तिथंच उभा राहा. गावात मोटारी नाहीत. लाउटरब्रुनेनहून रेल्वेनं चढायचं (युंगफ्राउला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींना हा मार्ग ठाऊक असेल).

स्लालम, म्हणजे खांबांमधून वळत उतरायची दोन फेऱ्यांची शर्यत, असेल तर दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतले पहिले तीस उलट्या क्रमानं उतरतात, आघाडीवरचा सगळ्यात शेवटी. मधेच चहाला उठू नकोस.