पेशी वाढवायला प्लास्टिकच कशाला?

प्रश्न: मी बायोटेक्नॉलॉजी शिकते. लॅबमध्ये माणसाच्या पेशी वाढवल्या की प्लास्टिकचे फ्लास्क सरळ कचऱ्यात जातात. समुद्री शेवाळावर किंवा पानांवरही पेशी वाढतात असं वाचलं, मग मोठ्या प्रमाणावर तेच का नाही वापरत?

उत्तर: वापरायला सुरुवात झालीय, पण मधे अडचणी आहेत. माणसाच्या बऱ्याच पेशी कशाला तरी चिकटल्याशिवाय वाढतच नाहीत, त्यामुळे सगळा हिशोब लिटरचा नसून पृष्ठभागाचा असतो आणि १७५ चौरस सेंटिमीटरचे फ्लास्क लावून लावून लावणार किती? म्हणून १९६७ मध्ये व्हान वेझेल या डच संशोधकाने बारीक मणी द्रवात फिरत ठेवून त्यांच्यावर पेशी वाढवल्या. अशा एक ग्रॅम कोरड्या मण्यांवर साधारण ४४०० चौरस सेंटिमीटर जागा मिळू शकते, म्हणजे पंचवीस फ्लास्क वाचले! गंमत म्हणजे ते पहिले मणी डेक्स्ट्रानचे होते, जे बॅक्टेरिया साखरेपासून बनवतात. पॉलिस्टायरीनचे म्हणजे प्लास्टिकचे मणी नंतर आले.

आता शेवाळ. तपकिरी शेवाळातून अल्जिनेट नावाचा जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ निघतो, त्याचं द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं की थेंबाचा तिथल्या तिथे मणी होतो. कॅल्शियम काढून घेतलं की मणी विरघळतो आणि पेशी मोकळ्या, हे मला सगळ्यात भारी वाटतं, कारण प्लास्टिकवरून सोडवायला ट्रिप्सिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम घालतात आणि ते जरा जास्त वेळ राहिलं तर पेशींची वरची प्रोटीन्सच कुरतडतं. पण नुसत्या अल्जिनेटवर पेशींना पकडच मिळत नाही. त्याला आरजीडी हा पेशींना पकड देणारा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जोडा नाहीतर जिलेटिन लावा, आणि जिलेटिन म्हटलं की बहुतेक वेळा परत जनावरच आलं. शिवाय शेवाळाची जात, हंगाम बदलला की मालही बदलतो, उपचारासाठी पेशी बनवणाऱ्याला ते परवडत नाही.

पानांचं म्हणाल तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या टीमने पालकाचं पान डिटर्जंटने धुऊन फक्त सेल्युलोजचा सांगाडा ठेवला आणि त्यावर हृदयाच्या पेशी चक्क धडधडल्या. छान आहे, पण माझ्या मते ते ऊती बनवायला बरं, कोट्यवधी पेशी काढून घ्यायला नाही, कारण सेल्युलोज विरघळवणारं एन्झाइम माणसाच्या पेशींकडे नसतंच.

आणि मणी बदलले तरी पेशी वाढवायच्या टाकीच्या म्हणजे बायोरिअ‍ॅक्टरच्या एकदाच वापरायच्या पिशव्या, नळ्या, फिल्टर प्लास्टिकचेच राहतात, तो ढीग वेगळाच.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइडपासून सुरुवात करा, फक्त मणी फॉस्फेट बफरने धुऊ नका, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी फुगून लिबलिबीत होतात.