वाचकांचे प्रश्न : एचआयव्हीचा चार्ट, बी२० की झेड२१?

या वेळी मेडिकल कोडिंग करणाऱ्यांचीच, म्हणजे पेशंटचा चार्ट (रेकॉर्ड) वाचून निदानाचे कोड लावणाऱ्यांचीच पत्रं जास्त आलीत, त्यातही एचआयव्हीच्या चार्टबद्दलची, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. खालची सगळी उत्तरं अमेरिकेतल्या आयसीडी-१०-सीएमबद्दल आहेत, म्हणजे १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे जी निदानांची कोडसिस्टीम चालते तिच्याबद्दल. त्यात बी२० म्हणजे एचआयव्हीमुळे झालेला आजार किंवा एड्स, आणि झेड२१ म्हणजे लागण आहे पण लक्षण नाही.

प्रश्न : ताई, मी नवीन कोडर आहे. चार्टमध्ये लिहिलंय "एचआयव्ही पॉझिटिव्ह, कुठलीही तक्रार नाही, एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अनडिटेक्टेबल". मी झेड२१ दिला, ऑडिटरने एरर काढली, म्हणे औषध चालू आहे म्हणजे बी२०. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही लिहिलंय तेवढंच चार्टमध्ये असेल तर तुम्ही बरोबर, पण आधी पूर्ण चार्ट वाचला का ते सांगा. कोडिंगची अधिकृत गाइडलाइन असं म्हणते की डॉक्टरने एचआयव्ही डिसीज, एचआयव्हीमुळे झालेला आजार किंवा एड्स असं लिहिलंय आणि पेशंट एआरटीवर आहे, तर बी२० द्यायचा, सोबत दीर्घकाळ औषध चालू असल्याचा झेड७९.८९९ देता येतो. म्हणजे डॉक्टरचं ते वाक्य आधी हवं, नुसत्या गोळ्या बघून बी२० होत नाही, आजकाल निदान झालं की लगेच एआरटी सुरू करतात त्यामुळे ठणठणीत माणसाच्या मेड लिस्टमध्येही ती असतेच. "एचआयव्ही पॉझिटिव्ह", "नोन एचआयव्ही" असे शब्द आणि लक्षण काहीच नाही, तर झेड२१.

आता पूर्ण चार्ट का म्हणते ते सांगते. समजा चार वर्षांपूर्वीच्या ॲडमिशनमध्ये या पेशंटला न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (प्रतिकारशक्ती घटल्यावर होणारा) झाला होता आणि डॉक्टरने तेव्हा तो एचआयव्हीमुळे असं स्पष्ट लिहिलंय, आज सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) सहाशेच्या वर गेलाय, माणूस धावतोय पळतोय, तरी कोड बी२०च. एकदा एचआयव्हीचा आजार होऊन बी२० लागला की तो पेशंट परत झेड२१ किंवा आर७५ (अनिर्णित टेस्ट) वर येत नाही, हा नियम पक्का आहे. कित्येक जणांना हे पटत नाही, माणूस बरा दिसतोय मग कोड का उतरत नाही, पण कोड आज तब्येत कशी आहे ते नाही सांगत, आजार कुठल्या टप्प्यापर्यंत गेला होता ते सांगतो. म्हणूनच तो पहिल्यांदा लावताना चारदा बघायचं, कारण चुकून लागलेला बी२० पुढचा प्रत्येक कोडर बघतो आणि तसाच पुढे ढकलतो.

आणि डॉक्टरने नुसतंच "एचआयव्ही" लिहून सोडलं असेल, पुढेमागे काही नाही, तर अंदाज करू नका, क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरलाच विचारा.

प्रश्न : इनपेशंटला (ॲडमिट पेशंटला) "प्रोबेबल", "सस्पेक्टेड" असलेलं निदान पण कोड करतो ना आपण? मग डिस्चार्ज समरीत "प्रोबेबल एड्स" असेल तर?

उत्तर : नाही, अजिबात नाही. इनपेशंटच्या त्या नियमाला एचआयव्ही हा अपवाद आहे आणि माझ्या मते अख्ख्या गाइडलाइनमधल्या सगळ्यात शहाण्या ओळींपैकी ही एक आहे. फक्त कन्फर्म्ड केस कोड करायची. पण कन्फर्म्ड म्हणजे लॅब रिपोर्ट जोडलेला हवा असं नाही, पेशंट पॉझिटिव्ह आहे हे डॉक्टरने लिहिलेलं पुरतं. उलट बाजूने, रिपोर्ट चार्टमध्ये आहे पण डॉक्टर त्याबद्दल काहीच बोलत नाही, तर आपण कोडरने निदान करायचं नाही. सीडी४ दोनशेच्या खाली दिसला म्हणून एड्स धरायचा नाही, वैद्यकीय व्याख्येत तो आकडा असला तरी लिहायचं काम डॉक्टरचं. क्वेरीसुद्धा "पेशंटला एड्स आहे ना?" अशी नको, "सीडी४ एवढा आहे, अमुक उपचार चालू आहेत, संबंधित निदान कृपया स्पष्ट करा" अशी.

टेस्टच अनिर्णित असेल तर आर७५. नवजात बाळाच्या बाबतीत हे हमखास येतं, आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात साधारण १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे बाळाला लागण झालीच असं होत नाही. अशा बाळाच्या नावावर बी२० चढवणं किती वाईट, विचार करा.

प्रश्न : मेड लिस्टमध्ये ट्रुवाडा आहे, एचआयव्हीचा उल्लेख कुठेच नाही. टीम लीड म्हणतात झेड२१ टाकून दे.

उत्तर : टाकू नका, प्लीज. ट्रुवाडा म्हणजे टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन, हे एचआयव्हीच्या उपचारात असतं तसंच लागण होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसालाही देतात, त्याला प्रेप म्हणतात, आणि त्याच्या व्हिजिटसाठी ऑक्टोबर २०२३ पासून झेड२९.८१ हा वेगळा कोडच आहे. सुई टोचली, संपर्क आला म्हणून २८ दिवसांचा कोर्स चालू असेल तर झेड२०.६ (एचआयव्हीशी संपर्क) बघा. नुसतं टेनोफोव्हिर तर हिपॅटायटिस बी साठीही देतात. म्हणजे एकाच गोळीमागे एवढ्या शक्यता, आणि तुम्ही झेड२१ टाकलात तर जो माणूस काळजी घेऊन स्वतःला जपतोय त्यालाच क्लेममध्ये पॉझिटिव्ह करून टाकलंत. इन्शुरन्सकडे गेलेला कोड मागे घ्यायला त्या माणसाला किती फोन करावे लागतील. लीडना नम्रपणे सांगा, क्वेरी टाकते, उत्तर आल्यावर कोड करते.

प्रश्न : सिक्वेन्सिंगचा गोंधळ होतो. पहिला कोड कुठला?

उत्तर : ॲडमिशन कशासाठी झालं ते बघा. एचआयव्हीमुळे झालेल्या आजारासाठी असेल तर बी२० पहिला, मग तो आजार, जसं न्यूमोसिस्टिसचा बी५९. पाय मोडला म्हणून आला असेल तर फ्रॅक्चर पहिलं, मग बी२० किंवा झेड२१. गरोदर बाई एचआयव्हीशी संबंधित आजारासाठी आली तर ओ९८.७ चा (गरोदरपणातल्या एचआयव्हीचा) कोड पहिला, मग बी२० आणि तो आजार. लक्षणं नसतील तर ओ९८.७ सोबत झेड२१. नुसत्या स्क्रीनिंगला झेड११.४, समुपदेशन झालं असेल तर झेड७१.७ जोडा.

प्रश्न : डाउट विचारायला चार्टचा स्क्रीनशॉट कोडर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर चालतं का? नाव क्रॉप करतो.

उत्तर : नाही चालत. नाव काढलं तरी जन्मतारीख, रेकॉर्ड नंबर, ॲडमिशनची तारीख, डॉक्टरचं नाव यातलं काहीतरी राहतंच, आणि हिपाच्या (पेशंटची माहिती गोपनीय ठेवण्याच्या अमेरिकेतल्या कायद्याच्या) दृष्टीने तारखासुद्धा ओळख पटवणाऱ्या माहितीत येतात. एचआयव्हीच्या माहितीला तर तिथल्या बऱ्याच राज्यांत याहून कडक कायदे आहेत. डाउट शब्दांत लिहा, "पेशंट पॉझिटिव्ह, लक्षण नाही, एआरटीवर, डॉक्टरचे शब्द असे असे", एवढ्यावर कुणीही उत्तर देऊ शकतं. आधी टाकलेले स्क्रीनशॉट असतील तर आजच कंपनीच्या कम्प्लायन्सवाल्यांना सांगा, मग ते सांगतील तसं डिलीट करा.