नोकरी सांभाळून एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज आठची (इक्विटी डेरिव्हेटिव्हज, म्हणजे शेअरचे फ्युचर्स-ऑप्शन्स) परीक्षा पहिल्या फटक्यात पास व्हायची तर अभ्यास कसा करावा? टेलिग्रामवरचे प्रश्नसंच पुरतील का?

नाही पुरणार. मी सहाशे प्रश्न पाठ करून गेले होते आणि ५८ गुणांवर नापास होऊन परत आले. पास व्हायला शंभरात ६० लागतात.

२०१९ सालचं सांगते. सांगलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी केवायसीचे फॉर्म आणि लेजर बघायचे. टर्मिनलवर बसून एफ अँड ओचे (फ्युचर्स-ऑप्शन्सचे) सौदे टाकायचे तर सिरीज आठचं सर्टिफिकेट लागतं. मालक म्हणाले, पास व्हा, जानेवारीपासून डीलर म्हणून घेतो. ऑफिसातल्या सीनियर डीलरने एक पीडीएफ पाठवली आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, वर्कबुक वाचत बसू नका, यातलेच प्रश्न येतात. दुसरी, निगेटिव्ह मार्किंग आहे, शंभर टक्के खात्री असेल त्यालाच हात लावा. ते बारा वर्षं बाजारात होते, मी दोन्ही मानल्या.

वीस रात्री, मुलगी झोपली की मी ती पीडीएफ घेऊन बसायचे. शेवटी शेवटी तर प्रश्नाचे पहिले चार शब्द दिसले की उत्तर तोंडावर यायचं. यालाच मी अभ्यास समजत होते.

डिसेंबरात पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. परीक्षेत काय झालं ते माझे आकडे घालून सांगते. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला (स्ट्राइक) शेअर विकण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. संचातला प्रश्न असा की, १०० स्ट्राइकचा पुट ६ रुपये प्रीमियमने घेतला, एक्स्पायरीला (मुदत संपताना) भाव ९०, तर काय? ४ रुपये फायदा. समोर आलेल्या प्रश्नात पुट विकला होता. आकड्यांची ठेवण ओळखीची, पर्यायांत फायदाही होता आणि तोटाही. मी फायद्यावर टिचकी मारून पुढे गेले. अशा किती ठिकाणी गेले कोण जाणे. जिथे जरा शंका आली ते १७ प्रश्न सीनियरचं ऐकून कोरे सोडले. शेवटी स्क्रीनवर ५८ आले. स्वारगेटला बसमध्ये बसल्यावर रडू आलं, ते कराडपर्यंत.

घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, पेपरात होतं तरी काय? आप्पांनी मार्केट यार्डात अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली. मी त्यांना पुट समजावायला घेतला. घेणारा विमा काढल्यासारखे पैसे देतो, भाव पडला की त्याला भरपाई मिळते, वगैरे. आप्पा म्हणाले, "ते कळलं पोरी. पण विकणाऱ्याला काय मिळतं? आणि जास्तीत जास्त जातं किती?"

मिळतात ६, एवढं मी सांगितलं. जातं किती, हे सांगता येईना. सहाशे प्रश्न पाठ असलेल्या मला!

मग पाठकोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली, खाली भाव लिहिले, आणि एकेका भावाला विकणाऱ्याच्या हातात काय उरतं ते मांडत गेले. १०० किंवा वर, ६ फायदा. ९४ ला ना नफा ना तोटा. ९० ला ४ तोटा. शून्यावर ९४ तोटा. आप्पा म्हणाले, "म्हणजे सहा रुपयांसाठी चौऱ्याण्णवची जोखीम. म्हणून मार्जिन घेतात होय त्याच्याकडून?" मार्जिनच्या (सौद्यासाठी घेतात त्या अनामतीच्या) प्रकरणाचा गाभा त्या एका वाक्यात मला कळला.

एमटीएमचं, म्हणजे रोजच्या बंद भावाने होणाऱ्या नफा-तोट्याच्या हिशेबाचं, तसंच. फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) १०० ला घेतला, पहिल्या दिवशी बंद १०३, दुसऱ्या दिवशी ९८, तिसऱ्या दिवशी १०१ ला विकला. रोजचा हिशेब अधिक ३, उणे ५, अधिक ३, मिळून १ रुपया. आप्पांनी त्याला रोजमेळच म्हटलं आणि माझ्याआधी बेरीज केली.

दुसऱ्या वेळी पीडीएफ उघडलीच नाही. एनआयएसएमचं वर्कबुक घेतलं, त्यातलं प्रत्येक उदाहरण आधी झाकून स्वतः सोडवलं, मग ताडून पाहिलं. कॉल (ठरल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) आणि पुट, प्रत्येकी घेणारा आणि विकणारा, अशा चार आकृत्या रोज सकाळी न बघता काढायच्या. स्प्रेड, स्ट्रॅडल वगैरे जोडसौदे त्यांच्याच बेरजा असतात, वेगळं पाठ करावं लागत नाही. कॉस्ट ऑफ कॅरी (मुदतीपर्यंत शेअर धरून ठेवायचा खर्च), बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो) घेऊन हेजिंग म्हणजे जोखीम झाकणं, ही गणितं हातानेच करा. कायद्याच्या भागात मात्र पाठांतराला पर्याय नाही. एल. सी. गुप्ता समिती कशासाठी, जे. आर. वर्मा समिती कशासाठी, इंडेक्स फ्युचर्स जून २००० मध्ये आले आणि इंडेक्स ऑप्शन्स जून २००१ मध्ये, असलं सगळं शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा. फेब्रुवारीत पास झाले.

प्रश्नसंचांवर माझा राग आणखी एका कारणाने आहे. त्या पीडीएफमध्ये शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सची सौदापूर्ती रोखीत होते असं छापलेलं होतं. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच शेअरमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, आणि आमच्याच ऑफिसात त्यावरून क्लायंटचे फोन यायचे! फिरवाफिरवीच्या फाइलवर तारीख नसते. निफ्टीचा लॉट (एका सौद्यातली संख्या) २०२४ या एका वर्षात ५० चा २५ आणि २५ चा ७५ झाला, तेव्हा तुमच्या टेलिग्रामवर कोणत्या सालचं काय फिरतंय ते देव जाणे.

आता त्या १७ कोऱ्या प्रश्नांबद्दल. ८३ सोडवले, चुकीला पाव गुण वजा आणि हाती ५८, म्हणजे ६३ बरोबर आणि २० चूक. सोडलेल्यांपैकी दहा प्रश्नांत दोन पर्याय उघड चुकीचे आहेत हे मला तेव्हाही दिसत होतं. त्या दहांत निम्मे बरोबर आले असते तर ५ उणे सव्वा, म्हणजे पावणेचार गुण. ६१.७५. पास! अगदी डोळे मिटून चारांतला एक निवडला तरी शंभरात सरासरी २५ बरोबर, ७५ चुकांचे पावणेएकोणीस वजा, सव्वासहा उरतातच. चार पर्याय आणि पाव गुण वजा असतील तर कोरं सोडण्यात काहीच हशील नाही. सीनियरना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, "अभ्यास कमी पडला तुमचा." अभ्यास कमी पडलाच होता, पण म्हणून त्यांचं गणित बरोबर ठरत नाही.

हो, एक राहिलं. हा पाव गुणाचा हिशेब सिरीज आठचा. म्युच्युअल फंड वितरकांच्या सिरीज पाच-एला मी बसले तेव्हा निगेटिव्ह नव्हतं आणि ५० ला पास होतं, तिथे तर एकही प्रश्न सोडायचं कारण नाही. नियम बदलतात, फी भरण्याआधी एनआयएसएमच्या साइटवर तुमच्या सिरीजचं पान आणि वर्कबुकची चालू आवृत्ती बघून घ्या. दिवस किती लागतील ते तुमच्या सवयीवर आहे. मला दुसऱ्या वेळी रोजचे दोन तास धरून पाच आठवडे लागले.

सीनियर अजून आमच्याच ऑफिसात आहेत. गेल्या महिन्यात नवीन लागलेल्या मुलीला त्यांनी तेच सांगितलं, खात्री नसेल तर हात लावू नकोस. ती जेवायला बसली तेव्हा तिच्या डब्याशेजारी मी २५ आणि ७५ चा हिशेब लिहिलेला कागद ठेवला आणि म्हटलं, बेरीज तूच कर.