वाचकांचे प्रश्न : मजकुराची निवड आणि कळफलक

प्रश्न : आमच्या छापखान्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांचे काम एकदम येते. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अध्यक्षांचे मनोगत तीन-चार पानांवर पसरलेले असते. त्यातील मोठा भाग बदलायचा असला, की माऊस ओढताना पान सरकते आणि निवड निसटते. कधी शेवटचा शब्द मागे राहतो, तर कधी पुढचा परिच्छेद चिकटून येतो. याला खात्रीचा उपाय कोणता?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे ही घाई दरवर्षी ठरलेलीच आहे, आणि सभासदांच्या हाती जाणाऱ्या अहवालात एखादे वाक्य अर्धवट राहणे कोणालाच परवडणारे नाही. माझा आग्रह असा, की माऊसचा उपयोग फक्त कर्सर ठेवण्यापुरता करावा आणि निवड कळफलकावरूनच करावी. जिथून मजकूर बदलायचा आहे तिथे क्लिक करा, पाने पुढे सरकवून शेवटच्या अक्षरानंतर शिफ्ट दाबून दुसरे क्लिक करा. पानांवरील मजकुराच्या चौकटी एकमेकींना जोडलेल्या असतील, तर मधला सगळा मजकूर, तो कितीही पानांवर असला तरी, निवडला जातो. अगदी शेवटपर्यंतचा मजकूर हवा असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एंड दाबावे. चौकटीत न मावल्यामुळे जो मजकूर पानावर दिसत नाही, तोही या निवडीत येतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

पुढचा परिच्छेद चिकटण्याचे कारण वेगळे आहे. परिच्छेदाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबला, की परिच्छेदाबरोबर त्याच्या शेवटी असलेले अदृश्य चिन्हही निवडले जाते. त्यावर नवा मजकूर टाइप केला, की ते चिन्ह पुसले जाते आणि दोन परिच्छेद एक होतात. म्हणून निवड झाल्यावर शिफ्ट-डावा बाण एकदा दाबून ते चिन्ह निवडीबाहेर काढावे आणि मगच टाइप करावे. कंट्रोल-ऑल्ट-आय दाबून अदृश्य चिन्हे पडद्यावर आणली, तर काय निवडले आहे हे डोळ्यांना दिसते. अहवालाच्या कामात ती सतत चालू ठेवावीत, असे मी सुचवेन. कंट्रोल-शिफ्ट-उजवा बाण शब्दाशब्दाने पुढे जातो, पण शब्दामागची मोकळी जागाही सोबत घेतो. तिथेही हाच उपाय चालतो. फक्त एक ओळ हवी असेल, तर होम दाबून मग शिफ्ट-एंड पुरेसे आहे.

आपण जुना, युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट वापरत असाल, तर एक अडचण वेगळीच येईल. अशा फॉन्टमध्ये काना, वेलांटी आणि अर्धी अक्षरे स्वतंत्र चिन्हे म्हणून साठवलेली असतात आणि त्यांपैकी काही विरामचिन्हांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे शब्दावर डबल क्लिक केले, तरी निवड शब्दाच्या मध्येच थांबते, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे शब्द संपलेला असतो. तिथे शिफ्ट आणि बाणाने एकेक चिन्ह मोजून पुढे जावे, आणि काना राहिला नाही ना, हे पाहूनच मजकूर पुसावा.

प्रश्न : कंदी पेढ्यांच्या खोक्याचे डिझाइन इलस्ट्रेटर या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना एका ओळीची शिरोरेषा मध्येमध्ये तुटलेली दिसू लागली. फॉन्ट बदललेला नाही. असे का झाले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा मजकूर निवडलेला असताना आपल्याकडून ऑल्ट आणि उजवा बाण एकत्र दाबले गेले असावेत. या कळांनी अक्षरांमधील अंतर वाढते; मूळ सेटिंगनुसार प्रत्येक वेळी एमच्या (म्हणजे अक्षराच्या आकाराएवढ्या रुंदीच्या) हजाराव्या भागाच्या २० पट. रोमन लिपीत तेवढ्याने फारसे बिघडत नाही, पण देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींना भिडलेल्या असतात, त्यामुळे अंतर वाढले की फट पडते. सगळी ओळ निवडून कॅरेक्टर पॅनेलमधील ट्रॅकिंगचा आकडा शून्य करावा. ओळ रुंदीला भरत नसेल, तर अक्षरांचा आकार वाढवावा. मराठीत अक्षरे एकमेकांपासून दूर करून ओळ ताणणे मला मुळीच पटत नाही. आकारासाठी मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट दाबून ठेवावे आणि ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाची कळ दाबावी.

प्रश्न : कोरल ड्रॉमध्ये लग्नपत्रिकेतील बारीक मजकूर दुरुस्त करताना डोळे दुखतात. सोपा मार्ग आहे का?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : आहे. मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-टी दाबल्यास दुरुस्तीची वेगळी खिडकी उघडते. मात्र मजकुराचे कर्व्ह करण्यापूर्वीच ही दुरुस्ती करावी, कारण कंट्रोल-क्यू दाबल्यानंतर अक्षरे केवळ आकार म्हणून उरतात आणि नाव चुकले असल्यास ते पुन्हा टाइप करावे लागते. यासाठी कर्व्ह न केलेली फाइल नेहमी वेगळ्या नावाने जपून ठेवावी.